मोटारीले बांधलेली ताटी

आमचे भैय्याजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, प्रेमिलाचे यजमान. काटोलले त्यायचा संत्र्याचा व्यापार. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड अशी का घरातली कोणतीही वस्तू बिघडली तरी कारागिराच्या हाती द्याची नाही. पंखा असो, शिलाई मशीन असो, मोटरपंप असो, पान्हा घेऊन आधी स्वतः बसाचं, सगळं उघडाचं, अन् जोडल्यावर दोन स्क्रू उरले का म्हणाचं, हे कंपनीवाल्यायनं फालतूचे लावले होते. मी तोंडावर म्हणाची, "भैय्याजी, तुम्ही डॉक्टर नाही झाले हे लोकायचं नशीब." ते नुसते हसत. रागवणं त्यायले माहीतच नव्हतं, त्यामुळं त्यायच्याशी भांडाले मजा म्हणून येत नव्हती.

ब्याऐंशीच्या वैशाखात प्रेमिलाच्या एकुलत्या एक पोरीचं, शामलाचं लग्न निघालं. अन् नेमकं त्याच वर्षी प्रेमिलाचं काळीज थकलं. आतली झडप खराब झाली होती. पायावर सूज, पाठ टेकली का श्वास लागे, रात्ररात्र उशीले टेकून बसून काढाची. दवाखान्यातून सुटल्यावर ती नागपूरले, रामदासपेठेत माझ्याच घरी राहिली, कारण दवाखाना जवळ. डॉक्टरनं साफ सांगतलं होतं, "लग्नाले जाऊ द्या, मी अडवत नाही. पण या बाईले ऊन लागता कामा नये. ऊन लागलं त हे काळीज सांभाळणार नाही."

आता वैशाखात नागपूर ते काटोल जाचं अन् ऊन लागू द्याचं नाही! मी त्या डॉक्टरले म्हणणार होती, मग विमानच मागवा ना बाप्पा. पण प्रेमिला माझ्याकडे पाहून राहिली होती.

"ताई," ती मले म्हणे, "कन्यादानाले दीर-जाऊ बसतीन, मले त्याचं काही नाही वाटत. मले फक्त पोरीवर अक्षता टाकाच्या आहेत. एवढं कर तू माझं." अन् त्या अक्षता तिनं माझ्याच घरी स्वतःच्या हातानं कुंकू लावून केल्या होत्या. रुमालात गाठ मारून उशाशी ठेवल्या होत्या. दिवसातून दहा वेळा गाठ चाचपून पाहाची. मले असा राग ये, अन् रागाच्या मागून रडू ये.

भैय्याजीचा सगळा भरवसा त्यायच्या मोटारीवर होता. अँबेसेडर होती अन् तिले त्यायनं मुंबईहून एसी बसवून आणला होता. त्या वेळी काटोलात मोटारच मोठी गोष्ट, त्यात एसी! बाजारात गाडी उभी केली का लोक काचेतून हात घालून पाहात, थंड लागते का खरंच. "प्रेमिलाले त्यात झोपवतो," भैय्याजी म्हणत, "काचा लावतो, अन् घरच्या दारात उतरवतो. तिले कळणार पण नाही बाहेर वैशाख आहे म्हणून."

अन् लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ते प्रेमिलाले न्याले आले त घामानं न्हालेले. एसी थंड देतच नव्हता.

त्या दिवशी मात्र त्यायनं पान्हा नाही काढला. सरळ धंतोलीत नत्थूजीच्या दुकानात गाडी नेली. मले बर्डीच्या बाजारातून फुलं घ्याची होती म्हणून मी पण सोबत बसली. नत्थूजी अशा गाड्यायचंच काम करत. त्यायनं बॉनेट उघडलं, कुठं साबणाचं पाणी लावलं, कुठं कान लावला, अन् म्हणाले, "गॅस गळून राहिला, भैय्याजी. कुठून ते शोधल्याशिवाय भरण्यात मतलब नाही. दोन दिवस गाडी ठेवा."

"उद्या गोरज मुहूर्तावर पोरीचं लगन आहे गा," भैय्याजी म्हणाले.

नत्थूजीनं नळी जोडून गॅस भरून दिला. निघताना खिडकीत वाकून म्हणाले, "उद्यापर्यंत टिकला त टिकला. फक्त समोरची जाळी मोकळी ठेवजा. तिले वारा लागला पायजे." मले त्यातलं काय समजणार? मी फुलायच्या विचारात होती.

संध्याकाळी आमच्या आंगणात गाडी चालू करून पाहिली त हवा अशीतशीच. थंड नाही अन् गरम नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या ते यंत्र चुलीत. पहाटे अंधारातच निघू, काचा उघड्या ठेवू, ऊन तापाच्या आत काटोल."

"अंधारात, त्या गड्ड्यायतून?" भैय्याजी म्हणाले. "तिले एकेक धक्का किती लागते तुम्हाले माहीत नाही, इंदुताई. उजेडी हळूहळू नेतो. कितीतरी दिवसायपासून झोपली नाही ती. थंड हवेत झोपन तरी."

मग उजेडीच निघाचं ठरलं.

सकाळी उठून पाहते त हा माणूस गाडीपुढं उकिडवा बसला आहे, जाळीसमोर हात धरून. गाडी चालू. लग्नाचा दिवस, पोरीचा बाप, अन् दाढीसुद्धा केली नाही. मले पाहून असे आनंदले, जसा परीक्षेत पहिला नंबर आला.

"इंदुताई, समजलं! हे समोरून हवा घेऊन राहिलं अन् बाहेरची हवा आताच तापली. गरम घेते त थंड देईन कुठून? आपण कूलरले काय करतो?"

"काय करतो?"

"खस लावतो!"

अन् माझ्या दक्षिणेच्या खिडकीची खसची, म्हणजे वाळ्याच्या मुळ्यायची, ताटी त्यायनं काढलीच. त्याच मोसमात नवी बांधून घेतली होती, जाडजूड. मी हाय हाय करेपर्यंत ती सुतळीनं गाडीच्या तोंडाले, जाळीवर, घट्ट बांधली, नळाचा पाइप आणला अन् वरून पाणी सोडलं. मग मले हात धरून आत बसवलं. म्हणाले, "आता बोला."

थंड! नुसती थंड नाही, बोचणारी थंड हवा, अन् तिले तो ओल्या खसचा वास. मी हसत होती आतापर्यंत, पण हात त्या हवेपुढून काढवेना. आम्ही नागपूरची माणसं ना. जन्मल्यापासून आम्हाले एकच ठाऊक, कशातूनही थंड हवा पाहिजे असेल त त्याच्यापुढं खस बांधा अन् पाणी मारा. घराले चालते, कूलरले चालते, मग मोटारीले काहून नाही? नत्थूजीचं बोलणं त्यायले आठवलं नाही, मले पण नाही. समोर थंड हवा येऊन राहिली असताना कोणाले आठवते?

प्रेमिलाले धरून आणली. मागच्या सीटवर गादी घातली होती, तिचं डोकं माझ्या मांडीवर. नवी साडी नेसली होती, केसात मी गजरा माळला होता. रुमालाची गाठ मुठीत. ती आत टेकली अन् म्हणाली, "अवं ताई, आईच्या घरच्या खोलीसारखं वाटून राहिलं." भैय्याजीनं आरशातून पाहिलं. त्यायचा चेहरा मी विसरत नाही. सगळं आवरून निघेपर्यंत दहा वाजून गेले होते, पण एसी होता ना, मग उन्हाचं काय भेव!

पाण्याचे दोन डबे डिकीत घेतले होते. मधेमधे थांबाचं, ताटी भिजवाची, पुढं जाचं, असं ठरलं होतं. फेटरीले थांबून त्यायनं ती भिजवली. प्रेमिला तिथं जागी होती, थोडं ताकही प्याली. अन् फेटरी सुटली अन् तिले झोप लागली. खरी झोप. तोंड जरा उघडं, श्वास खोल. इतक्या दिवसायनी माझी बहीण आडवी पडून झोपली होती.

भैय्याजीनं दोनदा गाडी हळू केली. दोनदा मागं वळून पाहिलं. गाडी थांबली का हिचे डोळे उघडतीन, म्हणून थांबवली नाही. बाहेर तापलेल्या वाऱ्याची अशी लू सुटली होती का रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

कळमेश्वर यायले अजून वेळ होता तेव्हा पुढून फट्‌ करून आवाज झाला अन् सापासारखं काही फुसफुसलं. बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली. मग आतली हवा आधी कोमट आली, मग तापलेली. भैय्याजीनं गाडी कडेले घेतली, उतरून ताटीले हात लावला. पापडासारखी वाळली होती.

ते तिथंच उभे राहिले, ताटीवर हात ठेवून. "नत्थूजीनं सांगतलं होतं," ते म्हणाले. "मोकळी ठेवा म्हणून सांगतलं होतं." ओली होती तोवर ती वारा थंड करून देत होती. वाळली, आवळली, अन् तिनंच वारा अडवला. आतल्या गॅसले दम घ्याले जागा नाही राहिली, नळी फुटली. इंजिनाचंही पाणी उकळलं होतं.

प्रेमिला जागी झाली. काचा लावलेल्या, आत भट्टी. काचा उघडल्या त लू आत. तिचे ओठ माझ्यादेखत काळे पडाले लागले.

देवच पावला म्हणा, समोरच संत्र्याची बाग होती अन् विहिरीजवळ मोटरपंपाची पक्की खोली. बागेचा मालक मारोतराव, भैय्याजीले संत्री देणारा अन् त्याच दिवशीच्या लग्नाचा पाहुणा, अन् त्याची बायको रुखमाबाई धावत आले. बाज आणली, तिच्यावर प्रेमिलाले उचलून खोलीत नेली. भैय्याजीनं तीच ताटी चाकूनं सोडवली, दारात टांगली अन् विहिरीचं पाणी मारलं. थोड्या वेळानं खोली थंड झाली. ताटी जिथं बांधाची तिथं बांधली होती आता.

प्रेमिलाले जरा बरं वाटलं. तिनं विचारलं, "काटोल किती राहिलं?"

"येते आता," भैय्याजी म्हणाले. "एसटी येईन, नाहीतर मारोतराव बैलगाडी देते म्हणून राहिले..."

"नाही," ती म्हणाली. तिले बोलाले दम लागत होता, पण एकेक शब्द साफ. "मी या उन्हात निघाली त वाटेत जाईन. मग काय कराल? देवक बसलं का सूतक लागत नाही म्हणतात, पण माणसं शास्त्र पाहात नाहीत. आईचं मयत दारात अन् पोरगी बोहल्यावर? वऱ्हाड उठून जाईन. माझ्या पोरीले जन्मभर लोक बोलतीन. तुम्ही जा. मी इथंच पडते. ताई आहे."

"तुले सोडून?"

"मले उद्या घेऊन जा. पोरीचं लगन उद्या होणार नाही." अन् तिनं मूठ उघडली. रुमाल पार ओला झाला होता घामानं. "माझ्या हातच्या आहेत. तुम्ही टाका. पहिल्या माझ्या टाका, मग तुमच्या."

भैय्याजीचा पाय निघत नव्हता. मीच ओरडली त्यायच्यावर, "जा ना हो! का दोघंही इथंच बसाचे आहात?" ते एसटीले हात दाखवून चढले तेव्हा दाढी वाढलेली, कुरत्याले ग्रीस, हातात तो रुमाल. पोरीचा बाप असा निघाला लग्नाले.

मग ती खोली, मी, प्रेमिला अन् रुखमाबाई. रुखमाबाई हौदातून बादली आणाची अन् ताटीवर मारून जाची. प्रेमिला मधेच काही बोलाची. शामलाले लहानपणी गोवर निघाला होता ते बोलली. मधेच म्हणाली, "ताई, त्यायले बोलू नको वं. त्यायनं माझ्यासाठीच केलं." मी म्हटलं, "मी कशाले बोलू बाई, मी कधी बोलते का?" तिले हसू आलं. मले बरं वाटलं तिले हसवलं म्हणून.

ऊन कलाले लागलं होतं तेव्हा तिनं पाणी मागितलं. मी पाण्याचा गडवा घेऊन वळली, तेवढंच. तेवढ्यात ती गेली होती.

मी तिले हलवलं. नाव घेतलं. मग छातीतून एक अशी हाक वर आली का अख्ख्या बागेले ऐकू गेली असती, अन् मी पदर तोंडात कोंबला. मयताची बातमी कानावर पडल्याशिवाय सूतक लागत नाही म्हणतात, अन् ते मी आजपर्यंत थोतांड म्हणत आली होती. पण बाहेर मारोतरावची माणसं वावरात होती, सगळ्यायले माहीत होतं ही काटोलच्या भैय्याजीची बायको. मी रडली असती त रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या एसटीनं बातमी मांडवात पोहोचली असती. माझ्या बहिणीनं ज्याच्यासाठी वाट अर्धी सोडली, ते मी एका हंबरड्यानं घालवलं असतं. सांगा, कोण बहीण अशी बसली असेल? पदर चावून, आवाज गिळून?

रुखमाबाई बादली घेऊन आली. आत पाहिलं, जवळ आली, नाकापुढं बोट धरलं. "गेली वं माय," एवढंच बोलली, अगदी हळू.

"पोरीचं लगन आहे आज," मी म्हटलं. "लागेपर्यंत कोणाले सांगू नको."

ती हौदावर गेली, बादली भरली अन् ताटीवर पाणी मारलं. पुन्हा गेली, पुन्हा मारलं. जिवंत माणूस आत झोपलं आहे असं पाहणाऱ्याले वाटलं पाहिजे. ती माझी कोणी नव्हती, नावही सकाळी माहीत नव्हतं, अन् अंधार पडेपर्यंत त्या बाईनं बादल्या वाहिल्या.

मारोतराव कपडे बदलून आला. ताटीच्या बाहेरूनच बोलला, आत बाईमाणूस म्हणून. "मी लग्नाले चाललो, ताई. भैय्याजीले काही सांगाचं आहे का? बाई कशा आहेत?"

ताटीतून पाणी टपटप गळत होतं. मी म्हटलं, "सांगा, झोपली आहे म्हणून. शांत झोपली आहे. काळजी करू नका म्हणा."

त्याची फटफटी गेली. गाई परतल्या. धुळीचा वास आला, म्हणजे तिकडं मंगलाष्टकं सुरू असतील. मी प्रेमिलाचा गजरा सारखा केला. वैशाखातही तिचा हात थंड पडून राहिला होता, अन् मी तो हातात घेऊन बसली होती. तेव्हा मी रडली, पण आवाज नाही काढला.

अंधार पडल्यावर रस्त्यावर मॅटाडोर थांबली. भैय्याजीचा आवाज दुरूनच. "इंदुताई! बर्फ आणला!" लग्नात सरबताले आणलेल्या बर्फाच्या लाद्या, भुशात अन् पोत्यात गुंडाळलेल्या. डोक्यावर फेटा, कपाळावर कुंकू, अन् कुरता तोच, ग्रीसचा. "झालं सगळं! नंबर एक झालं! आता एसी गेला उडत. दोन्ही बाजूनं लाद्या लावतो, वरून ओलं पोतं, अन् नेतो तिले. शामलाची पाठवणी थांबवून ठेवली आहे. व्याह्यायले हात जोडले, म्हटलं आई आल्याशिवाय पोरगी उंबरा ओलांडणार नाही."

ताटी बाजूले सारून ते आत आले. कंदील कोपऱ्यात होता. ते बाजेजवळ बसले अन् रोजच्यासारखा तिच्या कपाळावर हात ठेवला. अन् हसले.

"थंड आहे," ते म्हणाले. "पाहा ताई, तुम्ही हसत होत्या. ताटीनं काम केलं का नाही?"

आयुष्यभर मी या माणसाले तोंडावर बोलत आली. तेव्हा एवढंच बोलता आलं, "केलं, भैय्याजी."

त्यायनं हात काढला नाही. हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, अन् हात कपाळावरून गालावर गेला, गालावरून गळ्याशी. बाहेर रुखमाबाईनं बादली खाली ठेवली अन् पुन्हा उचलली नाही. मग भैय्याजी खाली वाकले अन् तिच्या कानाशी म्हणाले, "पहिल्या तुझ्या टाकल्या वं. मग माझ्या." अन् मग आम्हाले मोकळं रडता आलं, दोघायलेही.

आणलेला बर्फ तिच्याच दोन्ही बाजूले लावला अन् आम्ही निघालो. मॅटाडोरचा ड्रायव्हर हळूच चालवत होता, अंधार होता, रस्त्यात गड्डेच गड्डे. भैय्याजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. काटोल येईपर्यंत मले एकच विचारत राहिले, "ताई, तिले धक्का त नाही लागून राहिला ना?"